चकाकणारी चाके, काळवंडणारी छाती

मार्च उलटला की केडगावात नगर-पुणे रस्त्याच्या कडेच्या गॅरेजांवर तरुणांची गर्दी वाढते. चौदा एप्रिलच्या रॅलीत गाडी उठून दिसली पाहिजे, आणि ती उठून दिसते चाकांमुळे, असे आमच्या पोरांचे ठाम मत आहे. या हौसेला नाक मुरडणारे पुष्कळ आहेत, मी त्यांतला नाही. ज्या समाजाच्या नवरदेवाला घोड्यावर बसू दिले जात नव्हते, त्या समाजाच्या पोराने स्वतःच्या कमाईची गाडी लखलखीत ठेवावी, यात गैर काय? प्रश्न वेगळाच आहे. ही चकाकी कोण आणतो, आणि ती आणताना त्याच्या छातीत काय जाते?

(हे केडगाव नगरचे. पंडिता रमाबाईंच्या मुक्ती सदनाचे केडगाव दौंड तालुक्यातले. बाहेरगावचे वाचक हमखास गल्लत करतात.) नगर हे तसे दुचाकीचेच शहर. कायनेटिकची लूना १९७२ साली आली ती इथूनच. तेव्हापासून चाके बनवणारे, जोडणारे आणि घासणारे हात या शहरात आहेत.

आधी मालकाने काय करावे ते सांगतो. चाक दोन प्रकारचे. जुन्या गाडीची लोखंडी रिम क्रोमची असते. त्यातला क्रोमचा थर एक मायक्रॉनहूनही पातळ. गंजापासून खरे रक्षण करतो तो त्याखालचा निकेलचा थर. त्यावर काचपेपर मारला की दोन्ही गेले. साबणाचे पाणी, मऊ फडके, वरून मेण एवढे पुरे. गंजाचे ठिपके असतील तर अॅल्युमिनियमची फॉइल पाण्यात भिजवून हलके घासावी. ती क्रोमपेक्षा मऊ असल्याने ओरखडा उठत नाही. दुसरे चाक अॅलॉयचे, म्हणजे अॅल्युमिनियमचे. आपल्या घरी पितळ चिंचेने घासायची सवय, म्हणून काही जण इथेही आंबट लावतात. कोणी त्याहून पुढे जाऊन संडासाचे अॅसिड किंवा कॉस्टिक सोडा वापरतात. दोन्ही अॅल्युमिनियमला खातात. अशा चाकावर कंपनीचा पारदर्शक लॅकर असतो. खडा लागून तो फुटला की आत ओल शिरते आणि पांढऱ्या अळीसारख्या रेघा पसरतात. मग वरवर पॉलिश करून भागत नाही. सगळा लॅकर काढून, काचपेपरने पाण्यात घासून, बफ मारून, तेलाचा अंश पुसून पुन्हा लॅकर द्यावा लागतो. ब्रेकच्या डिस्कला मात्र मेण किंवा पॉलिश लागता कामा नये. आणि गाडी मेन स्टँडवर घेऊन, गिअर टाकून, फिरत्या चाकाला फडके धरण्याची जी पद्धत आहे ती आजच बंद करा. फडके साखळीत गेले की त्याच्यामागे बोटे जातात.

आता बफ मारणाऱ्याकडे वळू. मोटरवर कापडाचे चाक गरगर फिरते, त्यावर मसाल्याची वडी लावतात आणि रिम दाबून धरतात. धातूची, मसाल्याची, कापडाची बारीक भुकटी तोंडावर येते. तोंडाला रुमाल बांधतात. इतकी बारीक धूळ रुमालाने थांबत नाही. क्रोम चढवणाऱ्या टाकीजवळचा कामगार तर त्याहून वाईट स्थितीत. क्रोमिक अॅसिडच्या वाफाऱ्याने हातावर न भरणारी जखम होते, नाकाचा पडदा आतून फुटतो, आणि वर्षानुवर्षे तो श्वासात गेला तर फुफ्फुसाचा कर्करोग होऊ शकतो.

अॅल्युमिनियमची धूळ पेटते, हे किती कारागिरांना सांगितले गेले आहे? चीनमधल्या कुनशान येथे २ ऑगस्ट २०१४ रोजी अॅल्युमिनियमच्या चाकांना पॉलिश करणाऱ्या कारखान्यात साचलेल्या धुळीचा स्फोट झाला. त्या दिवशी ७५ कामगार मेले, पुढे आकडा १४६ वर गेला. ते सगळे चाके चकाकवत होते, दुसऱ्यांच्या मोटारींची.

आपल्याकडे कायदा नव्हता असे नाही. १९४८च्या कारखाना कायद्यात कलम १४ ने धूळ उगमापाशीच ओढून घेण्याची सक्ती होती, कलम ३७ स्फोटक धुळीचे होते, आणि क्रोमची जखम हा कळवण्याचाच रोग होता. पण कलम लागू व्हायला विजेवर चालणाऱ्या ठिकाणी दहा कामगार लागत. २१ नोव्हेंबर २०२५ पासून नव्या श्रमसंहिता लागू झाल्या आणि कारखाना ठरण्यासाठीचा हा आकडा वीस झाला. पाच पोरांच्या बफिंगच्या शेडला आता कारखाना कोण म्हणणार? नव्या संहितेत एक फट आहे: केंद्र सरकारने अधिसूचना काढून काम धोकादायक ठरवले, तर एकच कामगार असला तरी संहिता लागू करता येते. बफिंग आणि प्लेटिंगच्या लहान शेडसाठी तशी अधिसूचना मागणे, हे आपल्या संघटनांचे काम आहे. निळे झेंडे रस्त्यावर येतात ते पुतळ्याच्या विटंबनेवर, आणि यायलाच हवेत; पण धुळीवर आजवर किती मोर्चे निघाले?

बाबासाहेब १९४२ ते १९४६ मजूरमंत्री होते, हे आपण दर जयंतीला सांगतो. १९४६च्या दुरुस्तीने आठवड्याचे ५४ तास ४८ वर आले, हेही सांगतो. फेब्रुवारी १९३८ मध्ये मनमाडला रेल्वेच्या अस्पृश्य कामगारांसमोर त्यांनी ब्राह्मणशाहीबरोबर भांडवलशाहीलाही शत्रू ठरवले होते, ते मात्र भाषणांतून गळते. नगरहून मनमाडला जाणारी रेल्वे रोज धावते. हा विचार तेवढा स्टेशनातच थांबला.

तरुणांनी निदान एवढे करावे. कामावर घेताना नेमणूकपत्र मागावे, नव्या संहितेने ते देणे बंधनकारक केले आहे. खोकला झाला तर डॉक्टरला काम काय करतो ते सांगून केसपेपरवर लिहून घ्यावे. नुकसानभरपाईच्या दाव्यात तोच कागद उभा राहतो. तक्रार औद्योगिक सुरक्षा व आरोग्य संचालनालयाकडे लेखी द्यावी आणि पोच घ्यावी. यंदाच्या जयंती समित्यांनी डीजेच्या एका रात्रीचे पैसे वाचवून केडगावात बफिंगवाल्या पोरांच्या छातीच्या तपासणीचे शिबिर घ्यावे. अर्ज लिहून द्यायला आम्ही दोन-तीन वकील टेबल टाकून बसू.