पलसाणा महाल: दुकानाची वही आणि शाळेचा हजेरीपट

पलसाणा हे सुरत जिल्ह्यातले तालुक्याचे गाव. सुरतच्या आग्नेयेला, मुंबई-अहमदाबाद महामार्गावर ते वसलेले आहे. आज या रस्त्यावर कापडाच्या गाठी आणि उसाच्या ट्रॉल्या वाहतात. पलसाणा मात्र ब्रिटिश मुलुखात कधीच नव्हते. १९४९ पर्यंत ते बडोदे संस्थानाच्या नवसारी प्रांतातला एक महाल, म्हणजे तालुक्यासारखा विभाग, होते. नवसारी, गणदेवी, कामरेज, महुवा, व्यारा, सोनगड, मांगरोळ हे त्याचे शेजारी महाल. बडोद्याच्या गायकवाडांची सत्ता या बाजूने सोनगडच्या किल्ल्यापासून वाढत गेली, त्यामुळे गुजरातच्या या काळ्या जमिनीत सुभा आणि वहिवाटदार ही मराठी कारभारातली पदे दोनशे वर्षे नांदली. सुभा प्रांताचा प्रमुख, वहिवाटदार महालाचा. त्यांच्याखाली गावात पाटील आणि तलाठी. पाटील आणि तलाठी यांच्या जोडीला शाळामास्तर कसा येऊन बसला, आणि त्याचे वाण्याच्या दुकानाशी काय जमले व काय जमले नाही, हा या महालाच्या इतिहासातला सर्वांत बोलका भाग आहे.

नवसारी प्रांत सलग नव्हता. चौर्यासी, बारडोली, जलालपूर हे ब्रिटिश तालुके आणि गायकवाडी महाल एकमेकांत घुसलेले होते. दोन गावांमधल्या शिवेवर राज्य बदले, आणि त्याबरोबर अबकारीचे नियम बदलत. नाणेही बदलत असे. बडोद्याचा बाबाशाही रुपया ब्रिटिश कलदार रुपयापेक्षा कमी किमतीचा होता. सुरतेला कापूस विकणाऱ्याच्या हातात कलदार पडे, सरकारी भरणा बाबाशाहीत होई, आणि दोन्हींमधला बट्टा सराफाच्या पेढीवर राही. विसाव्या शतकाच्या उंबरठ्यावर बाबाशाही नाणे चलनातून काढले गेले आणि ही कटकट मिटली. सराफांना ते फारसे आवडले नसणार.

गावचा रोजचा व्यापार वाण्याच्या दुकानात होई. मीठ, गूळ, तेल, कापड, लोखंडी अवजारे, बियाणे आणि नवे पीक येण्याआधीच्या महिन्यांत खायचे धान्यसुद्धा तिथूनच येई. रोख पैसा वर्षातून थोडे दिवसच गावात फिरे. दक्षिण गुजरातच्या काळ्या जमिनीत कापूस पावसाळ्याच्या तोंडावर पेरला जातो आणि त्याची वेचणी थेट पौष-माघात सुरू होऊन उन्हाळ्यापर्यंत चालते. ज्वारीही हिवाळ्यातच निघते. व्यापाऱ्याचे वर्ष मात्र दिवाळीत बदलते. चोपडापूजन करून कार्तिक शुद्ध प्रतिपदेला नवी वही उघडायची, तेव्हा शेतकऱ्याचा कापूस अजून झाडावरच असे. म्हणजे जुनी बाकी नव्या वहीत ओढूनच वर्षाची सुरुवात होई. रोजमेळात दिवसाची देवघेव आणि खातेवहीत माणसागणिक हिशेब ही दुकानदाराची पद्धत. खातेदाराला स्वतः वाचता येत नसेल, तर वाण्याने वाचून दाखवले तेच खरे. साक्षरतेचा प्रश्न या मुलुखात पहिल्यांदा जाणवत असे तो इथे, दुकानाच्या ओट्यावर.

१८९९-१९०० च्या सुमारास ताप्ती व्हॅली रेल्वे सुरू झाली आणि सुरतेहून चलथाण, बारडोली, व्यारा, नवापूर करत गाडी नंदुरबार-अमळनेरपर्यंत जाऊ लागली. चलथाण हे या मार्गावरचे पलसाणा महालातले स्थानक. कापूस आता बैलगाडीने सुरतेला न्यायची गरज उरली नाही आणि भावाची बातमीही लवकर येऊ लागली. पुढे १९१९ मध्ये ओलपाड तालुक्यातल्या सोनसेक गावी शेतकऱ्यांनी कापूस एकत्र विकण्याची सहकारी मंडळी काढली. सुरत जिल्ह्यातल्या सहकाराची ती महत्त्वाची पायरी. वाण्याच्या वहीबाहेर शेतकऱ्याचा हिशेब जाण्याची सुरुवात अशा मंडळ्यांमधून झाली. बडोदे संस्थानानेही १९०५ मध्ये सहकारी संस्थांचा स्वतःचा कायदा केला होता.

या व्यवहाराच्या तळाशी एक थर होता ज्याचे दुकानात स्वतःचे खाते फारसे नसे. तो हाळी. अनाविल ब्राह्मण, पाटीदार अशा जमीनवाल्यांकडे दुबळा समाजातला माणूस बहुधा लग्नासाठी कर्ज घेई आणि ते फिटेपर्यंत, म्हणजे व्यवहारात जन्मभर, त्या धन्याकडे राबे. धन्याला 'धणियामो' म्हणत. हाळ्याची बायको धन्याच्या गोठ्यातला शेण-केर काढी आणि मुलगा गुरे वळी. मजुरीचा बराच भाग धान्यात मिळे. दुबळा हे नाव अवमानकारक असल्याने पुढे हळपती हे नाव रूढ झाले. डच समाजशास्त्रज्ञ यान ब्रेमन यांनी याच पट्ट्यात १९६० च्या दशकापासून केलेल्या अभ्यासामुळे या पद्धतीचे बारकावे जगापुढे आले. शाळेच्या दृष्टीने यातला महत्त्वाचा माणूस म्हणजे गुरे वळणारा तो मुलगा.

सयाजीराव गायकवाड १८७५ मध्ये नाशिक जिल्ह्यातल्या कवळाण्याहून दत्तक म्हणून बडोद्याला आले आणि १८८१ मध्ये त्यांच्या हाती राज्याचा कारभार आला. शिक्षणातली त्यांची पावले टप्प्याटप्प्याने पडली. १८९१ मध्ये ग्रामशाळांची योजना निघाली. ज्या गावातून किमान सोळा मुले मिळतील तिथे शाळा काढायची आणि मास्तराला पाटील-तलाठ्यांप्रमाणे गावच्या नोकरांत धरायचे, असा तिचा रोख होता. १८९३ मध्ये काठेवाडातल्या अमरेली महालात थोड्या गावांवर सक्तीच्या शिक्षणाचा प्रयोग झाला. तो निभला, तसा वाढवला गेला, आणि १९०६ च्या कायद्याने सक्ती साऱ्या संस्थानाला लागू झाली. मुलांसाठी सात ते बारा आणि मुलींसाठी सात ते दहा ही वयोमर्यादा ठरली. प्राथमिक शिक्षणाची फी माफ झाली. गोपाळ कृष्ण गोखल्यांनी १९११ मध्ये केंद्रीय कायदेमंडळात प्राथमिक शिक्षणाचे विधेयक मांडले, तेव्हा त्यांच्यापुढे बडोद्याचे उदाहरण होते. ते विधेयक पुढच्या वर्षी फेटाळले गेले. शिवेपलीकडच्या बारडोलीत जी सक्ती लागू होऊ शकली नाही, ती पलसाण्यात कायदा म्हणून आधीच होती.

कायदा चालवण्याची रीत साधी होती. सक्तीच्या वयातल्या मुलांची यादी गावोगाव करायची. हजेरीपटावर नाव चढले आणि मूल आले नाही, तर पालकाला आधी सूचना, मग दंड. दंडाची वसुली महसुलाच्या यंत्रणेतून होई, म्हणजे शाळेचा शेवटचा हात वहिवाटदाराच्या कचेरीत होता. सवलतीही होत्या. आजारी मुलाला, आणि जवळपास शाळाच नसेल त्या मुलाला सक्तीतून सूट मिळे. काहींनी दंड ही फीच मानली. कापूस वेचणीच्या दिवसांत मुलाची मजुरी दंडापेक्षा जास्त ठरली, तर कोणता हिशेब जिंकणार हे सांगायला नको. धन्याच्या गुरांमागे जाणाऱ्या मुलासाठी तर दंड कोणाला करायचा हाच प्रश्न होता. बापाकडे पैसा नव्हता, आणि ज्याच्याकडे होता तो धनी पालक नव्हता. कायद्याच्या मसुद्यात या त्रिकोणाला जागा नव्हती.

सोनगड-व्यारा भागात संस्थानाने आदिवासी मुलांसाठी वसतिगृहाच्या शाळा काढल्या होत्या. रानातल्या मुलुखात गावशाळा चालवण्यापेक्षा मुले आणून ठेवणे बरे, असा त्यामागचा विचार. पलसाणा हा सपाटीवरचा, शेतीचा महाल. तिथे मुले गावातच होती. फक्त शाळेच्या वेळी ती गोठ्यात किंवा शेतात असत.

गावाच्या कारभारात मास्तराला जागा मिळाली ती ग्रामपंचायतीमुळे. १९०२ च्या सुमारास बडोद्याने गावपंचायतींचे नियम केले. पाटील अध्यक्ष, काही सभासद नेमलेले व काही गावकऱ्यांनी निवडलेले, आणि तलाठी व शाळामास्तर पदसिद्ध, अशी रचना होती. विहिरी, रस्ते, धर्मशाळा, स्वच्छता ही पंचायतीची कामे, आणि शाळेवर लक्ष ठेवणेही त्यातलेच. वरच्या पातळीवर महाल आणि प्रांत पंचायती आल्या. मास्तराची नेमणूक, बदली, पगार आणि पाठ्यपुस्तके मात्र बडोद्याच्या विद्याखात्याच्या हाती राहिली. पंचायत शाळेची देखरेख करी, पण शाळा पंचायतीची नव्हती. हा फरक किरकोळ नाही.

शेजारच्या ब्रिटिश मुलुखात उलटे घडले. मुंबई प्रांताच्या १९२३ च्या प्राथमिक शिक्षण कायद्याने शाळा जिल्हा लोकल बोर्डांच्या आणि नगरपालिकांच्या स्कूल बोर्डांकडे गेल्या. लोकनियुक्त बोर्डाकडे शाळा गेली की ती राजकारणाचे मैदान होते, याचा अनुभव सुरतेने आधीच घेतला होता. असहकाराच्या काळात सुरत नगरपालिकेने आपल्या शाळा 'राष्ट्रीय' करून सरकारी अनुदान आणि तपासणी नाकारली, तेव्हा सरकारने नगरपालिकाच बरखास्त केली. पलसाण्याच्या मास्तराला असा पेच पडला नाही, कारण त्याच्या शाळेवर लोकांचा असा अधिकारच नव्हता.

उत्तर अमेरिकेच्या गवताळ प्रदेशात याच सुमारास नवी गावे वसत होती, आणि तिथे शाळेचा कारभार तिसऱ्याच पद्धतीने चाले. अमेरिकेत १७८५ च्या जमीन अध्यादेशाने प्रत्येक टाउनशिपच्या छत्तीस भागांपैकी सोळावा भाग शाळेसाठी राखला होता. वस्ती झाली की शेतकरी शाळा-जिल्हा स्थापन करत, मोजके विश्वस्त निवडत, स्वतःच्या जमिनीवर कर बसवत आणि एका खोलीच्या शाळेसाठी शिक्षिका नेमत. दुकान मात्र तिथेही उधारीवरच चाले आणि गहू विकला की खाते चुकते होई. मळणीच्या दिवसांत तिथलीही मोठी मुले शाळेत दिसत नसत. पीक आणि पाटी यांचे भांडण दोन्हीकडे सारखेच होते. शाळा कोण चालवणार याचे उत्तर तेवढे वेगळे होते: तिथे करदाते शेतकरी, इथे राजा.

अमेरिकेतली एक गोष्ट मात्र सयाजीरावांनी उचलून आणली. १९१० मध्ये त्यांनी विल्यम अ‍ॅलन्सन बॉर्डन या अमेरिकन ग्रंथपालाला बडोद्याला बोलावले. त्यांच्या हाताखाली ग्रंथालय खाते उभे राहिले. गावाने वर्गणी काढावी, पंचायतीने आणि सरकारने आपापला वाटा घालावा, अशा तत्त्वावर गावोगाव वाचनालये निघाली. जिथे वाचनालय नव्हते तिथे पुस्तकांच्या लाकडी पेट्या फिरत. मोतीभाई अमीन यांनी त्याआधीच मित्रमंडळांतून गुजरातीत वाचनालयांची चळवळ सुरू केली होती. पेटी गावात आली की ती बहुधा शाळेतच ठेवली जाई आणि मास्तरच ग्रंथपाल होई. शाळेत शिकून बाहेर पडलेला मुलगा अक्षर विसरू नये, हा यातला व्यवहारी हेतू होता. वहीतली बाकी स्वतः वाचणारा खातेदार अशा पेट्यांमुळेही तयार होऊ शकत होता.

१ मे १९४९ रोजी बडोदे संस्थान मुंबई राज्यात विलीन झाले. पलसाणा सुरत जिल्ह्याचा तालुका झाला आणि त्याच्या शाळा मुंबईच्या १९४७ च्या प्राथमिक शिक्षण कायद्याखाली जिल्हा स्कूल बोर्डाकडे गेल्या. ज्या शाळेचा हुकूम बडोद्याहून येई, तिचा ठराव आता सुरतेत होऊ लागला. १९६० मध्ये गुजरात राज्य झाले, १९६३ मध्ये पंचायत राज आले आणि जिल्हा पंचायतीच्या शिक्षण समितीकडे प्राथमिक शाळा सोपवल्या गेल्या. गावाच्या हातात थेट काही यायला शिक्षण हक्क कायद्याची, २००९ ची, वाट पाहावी लागली. त्यातल्या शाळा व्यवस्थापन समितीत तीन चतुर्थांश सदस्य पालक असावे लागतात, आणि एकूण सदस्यांपैकी निम्म्या स्त्रिया.

दरम्यान पीकच बदलले. १९५० च्या दशकात काकरापार बंधाऱ्याचे कालवे आले, १९७२ मध्ये उकाई धरण पूर्ण झाले, आणि कापसाची जागा उसाने घेतली. चलथाणला सहकारी साखर कारखाना उभा राहिला. रस्त्यालगत कडोदरा, चलथाण, पलसाणा या पट्ट्यात कापडाच्या प्रोसेसिंग मिल आणि विणकामाची युनिटे आली. खानदेशातून, ओडिशातून, उत्तर भारतातून कामगार आले. त्यांच्या चाळींखालची किराणा दुकाने पुन्हा उधारीची वही ठेवतात, फक्त बाकी आता पिकावर न फिटता पगारावर फिटते. खानदेशी मुलांसाठी सुरत शहरात तरी महापालिकेची शिक्षण समिती मराठी माध्यमाच्या शाळा चालवते.

ऊसतोडीत मात्र जुन्या हिशेबाची चाल शिल्लक आहे. धुळे, नंदुरबार आणि डांगच्या भागातून 'कोयता' येतो. नवरा-बायको मिळून एक कोयता. मुकादम पावसाळ्यात उचल देतो, हंगामात खायला ज्वारीची खावटी मिळते, मजुरी टनावर मोजली जाते आणि उचल-खावटी वजा करून हिशेब हंगामाच्या शेवटी होतो. गाळप दिवाळीच्या आगेमागे सुरू होऊन उन्हाळ्यापर्यंत चालते. गुजरातच्या शाळांचे दुसरे सत्र दिवाळीच्या सुट्टीनंतर भरते आणि वार्षिक परीक्षा एप्रिलच्या सुमारास होते. म्हणजे तोडकऱ्यांचे मूल गावी पहिले सत्र शिकून निघते आणि दुसऱ्या सत्रात उसाच्या फडावर, पाल्याच्या झोपडीत असते. त्यांच्यासाठी हंगामी वसतिगृहे निघाली, फडाजवळ तंबूतल्या शाळा भरल्या, स्थलांतराची कार्डे दिली गेली. वसतिगृहात राहिलेले मूल गावच्याच शाळेत वर्ष पुरे करते. धुळे-नंदुरबारहून फडावर आलेल्या मुलाला मात्र इथली शाळा गुजरातीत भेटते आणि गावची शाळा मराठीत होती. समितीच्या बैठकीलाही त्याचे आई-बाप येऊ शकत नाहीत, कारण शाळा व्यवस्थापन समिती त्या शाळेत दाखल असलेल्या मुलांच्या पालकांची असते आणि कोयता कारखान्याच्या तोडीच्या पाळीनुसार काही आठवड्यांनी दुसऱ्या गावच्या शिवारात गेलेला असतो.