आपत्तीनंतरचा पर्यटन हंगाम : उत्तर कॅरोलायनाचा अनुभव

अमेरिकेतील उत्तर कॅरोलायना राज्याचा पश्चिम भाग ॲपलाशियन पर्वतराजीत वसलेला आहे. ॲशव्हिल हे तेथील प्रमुख शहर. ऑक्टोबर महिना हा या डोंगरी प्रदेशाचा सुगीचा काळ होय. मात्र ही सुगी धान्याची नसून पर्यटनाची असते. थंडीची चाहूल लागताच पानांतील हरितद्रव्य ओसरते आणि वनराजी लाल-पिवळ्या रंगांनी नटते. हा रंगबदल प्रथम उंच शिखरांवर दिसतो व क्रमाक्रमाने खोऱ्यांत उतरतो. त्यामुळे हंगाम कित्येक आठवडे टिकतो. ॲशव्हिल ज्या बंकम जिल्ह्यात आहे, तेथे २०२३ साली पर्यटकांनी सुमारे ३ अब्ज डॉलर खर्च केले होते.

ऐन हंगामाच्या तोंडावर घाला

२६ सप्टेंबर २०२४ च्या रात्री ‘हेलीन’ चक्रीवादळ फ्लोरिडाच्या किनाऱ्यावर धडकले आणि दुसऱ्या दिवशी या डोंगरांवर कोसळले. बुसिक येथे तीन दिवसांत ७८० मिलिमीटरहून अधिक पाऊस झाला. फ्रेंच ब्रॉड नदीने ॲशव्हिल येथे १९१६ च्या महापुराची पातळीही ओलांडली. राज्यात शंभराहून अधिक माणसे मृत्युमुखी पडली. ठिकठिकाणी दरडी कोसळल्या, महामार्ग क्रमांक ४० चा काही भाग नदीने खरवडून नेला आणि पर्यटकांचा आवडता ब्लू रिज पार्कवे बंद झाला. नॉर्थ फोर्क जलाशयातून शहराला पाणी पुरविणाऱ्या जलवाहिन्या वाहून गेल्या. २००४ च्या पुरानंतर खबरदारी म्हणून खोल पुरलेली पर्यायी वाहिनीही त्यातून सुटली नाही.

पाहुणे हवेत, पण केव्हा?

प्रारंभी बाहेरच्या लोकांनी या भागात येऊ नये, असे आवाहन शासनाने केले. ते रास्तच होते. रस्ते मदतकार्यासाठी मोकळे हवे होते, उपाहारगृहांच्या नळांना पाणी नव्हते आणि निवासगृहांतील खोल्या बेघर कुटुंबांना व मदत पथकांना लागत होत्या. परंतु या प्रदेशातील स्वयंपाकी, खोल्यांची सफाई करणारे कामगार, कारागीर व लहान दुकानदार यांची हिवाळ्याची बेगमी ऑक्टोबरच्या कमाईवर होते. बंकम जिल्ह्यातील बेरोजगारीचे प्रमाण सप्टेंबरमध्ये अडीच टक्क्यांच्या आसपास होते; ते ऑक्टोबरमध्ये ८ टक्क्यांच्या वर गेले. ब्रायसन सिटीसारख्या अतिपश्चिमेकडील गावांना वादळाची झळ तुलनेने कमी बसली होती. तरीही सारा प्रदेशच बंद आहे, अशा समजामुळे तेथेही पर्यटकांचा ओघ आटला.

टप्प्याटप्प्याने पूर्वपदावर

जलाशयातील गाळ लवकर खाली बसेना. त्यासाठी तुरटीसारख्या रसायनांचा वापर करावा लागला. ऑक्टोबरच्या मध्यास बहुतेक नळांना पाणी आले, तरी ते पिण्याजोगे नव्हते. ५३ दिवसांनंतर, १८ नोव्हेंबर रोजी पाणी शुद्ध असल्याचे जाहीर झाले; तोवर रंगांचा हंगाम सरला होता. प्रसिद्ध बिल्टमोर प्रासाद २ नोव्हेंबर रोजी खुला झाला. महामार्ग क्रमांक ४० वर १ मार्च २०२५ पासून प्रत्येक दिशेला एका पदरी वाहतूक सुरू झाली, तर चिमनी रॉक उद्यान २७ जून रोजी उघडले. २०२५ च्या पानगळीच्या हंगामातही पार्कवेचे काही भाग बंदच होते.

ध्यानात घेण्याजोगे

पर्यटनावर जगणाऱ्या डोंगरी वस्तीचे पुनर्वसन केवळ घरे व रस्ते यांच्या उभारणीने पुरे होत नाही, हे या अनुभवावरून स्पष्ट होते. पाणी आणि वाहतूक यांची खात्री झाल्यावाचून पाहुण्यांना बोलावणे हा आपद्ग्रस्तांवर नवा भार ठरतो. अनावश्यक लांबलेली वा सरसकट बंदी मात्र वाचलेल्यांच्या हातचा रोजगार हिरावून घेते. म्हणून कोणते गाव खुले, कोणता रस्ता बंद, याची गावनिहाय व नित्य सुधारित माहिती प्रसृत करणे हेही मदतकार्यच समजले पाहिजे. बुडालेला हंगाम वर्षभर परत येत नाही. त्या मधल्या काळात हातावर पोट असणाऱ्यांना आधार मिळाला, तरच पुढील पानगळीला पाहुण्यांच्या स्वागतासाठी गावात माणसे उरतात.