विश्लेषण : बडोद्याचा लक्ष्मीविलास राजवाडा पुरा होण्याआधीच त्याच्या वास्तुरचनाकाराचे काय झाले?

बडोद्याचा लक्ष्मीविलास राजवाडा म्हटले, की त्याच्या अवाढव्य आकाराची चर्चा होते. पण वाडा बांधणाऱ्यांची गोष्ट फारशी कुणी सांगत नाही.

काम सुरू झाले तेव्हा राजा कोण होता?

ब्रिटिशांनी १८७५ मध्ये मल्हारराव गायकवाडांना पदच्युत केले. त्यानंतर महाराणी जमनाबाईंनी नाशिक जिल्ह्यातील कवळाणे गावच्या शेतकरी घरातील गोपाळराव या मुलाला दत्तक घेतले. तेच तिसरे सयाजीराव. १८७८ मध्ये वाड्याचे काम सुरू झाले तेव्हा ते अवघे १५ वर्षांचे होते आणि कारभार दिवाण टी. माधवराव यांच्या हाती होता.

आराखडा कुणाचा?

लष्करी अभियंता मेजर चार्ल्स मँट यांचा. कोल्हापूरचा नवा राजवाडा आणि अजमेरचे मेयो कॉलेजही त्यांचेच. राजपूत छत्र्या, मुघल घुमट, गुजराती कोरीवकाम आणि युरोपीय मनोरे एकाच इमारतीत बसवणारी ही ‘इंडो-सारासेनिक’ शैली. आपली गणिते चुकली असून इमारती कोसळतील, या भीतीने मँट यांच्या मनाचा तोल ढळला, अशी कथा सांगितली जाते. एवढे नक्की, की १८८१ मध्ये, ऐन उमेदीत त्यांचे निधन झाले. कोल्हापूरचा वाडाही तेव्हा अपुराच होता. तो १८८४ मध्ये पुरा झाला.

मग काम कुणी पूर्ण केले?

मद्रासचे सिनेट हाऊस उभारणारे रॉबर्ट चिझम यांनी. १८९० मध्ये वाडा पुरा झाला. मधल्या काळात, १८८१ च्या अखेरीस सयाजीरावांना राज्याधिकार मिळाले. १८८५ मध्ये त्यांच्या पहिल्या पत्नी, तंजावरच्या मोहिते घराण्यातील चिमणाबाई, ऐन विशीत निवर्तल्या. पुरा झालेला वाडा त्यांना पाहता आला नाही.

आत काय पाहावे?

दरबार हॉलमधील व्हेनिशियन मोझेकची फरशी आणि बेल्जियमच्या रंगीत काचांच्या खिडक्या. सयाजीरावांनी राजा रविवर्मांकडून खास या वाड्यासाठी पौराणिक प्रसंगांची १४ चित्रे काढून घेतली होती. रविवर्मांची चित्रे आवारातील महाराजा फत्तेसिंह संग्रहालयात पाहता येतात. ही इमारत मूळची राजपुत्रांची शाळा. आवारातच नवलखी वाव ही पायऱ्यांची विहीर आहे. ती राजवाड्याहूनच नव्हे, तर बडोद्यातील गायकवाडांच्या राज्याहूनही कितीतरी जुनी.

आज वाड्याची स्थिती काय?

गायकवाड कुटुंब आजही येथे राहते. काही भाग तिकीट काढून पाहता येतो. कोसळण्याच्या भीतीची कथा ज्याला चिकटली, तो वाडा १३० हून अधिक वर्षे उभा आहे. कोल्हापूरचाही.