बालवाडीतील उपक्रम व नियोजन

बालवाडीतील उपक्रम व नियोजन : तीन ते सहा वर्षे वयाच्या मुलांच्या शारीरिक, बौद्धिक, भाषिक, भावनिक व सामाजिक विकासासाठी वर्गात व वर्गाबाहेर ज्या हेतुपूर्ण कृती योजिल्या जातात, त्यांना उपक्रम म्हणतात. या उपक्रमांची निवड, त्यांचा क्रम, साहित्य, जागा व वेळ यांची शिक्षिकेने आगाऊ केलेली मांडणी म्हणजे नियोजन होय. वरच्या इयत्तांतील पाठटाचणाहून हे नियोजन मुळातच वेगळे असते. पाठटाचणात शिकवावयाचा भाग आधी ठरतो व त्यानुसार वर्गाचे काम आखले जाते. बालवाडीत मूल काय करील आणि ते करता यावे म्हणून त्याच्या हाताशी काय असावे, हा विचार अगोदर येतो. म्हणून बालवाडीचे नियोजन हे मुख्यतः पूर्वतयारीचे नियोजन असते.

पूर्वपीठिका : लहान मुलांसाठी साहित्य व कृती यांची पद्धतशीर आखणी प्रथम फ्रीड्रिख फ्रबेल (१७८२–१८५२) या जर्मन शिक्षणतज्ज्ञाने केली. १८३७ मध्ये ब्लांकेनबुर्क येथे त्याने सुरू केलेल्या संस्थेला १८४० मध्ये ‘बालोद्यान’ या अर्थाचे ‘किंडरगार्टन’ हे नाव मिळाले. चेंडू, ठोकळे यांसारखी साधने व घडीकाम, विणकाम यांसारखे हस्तव्यवसाय हा त्याच्या पद्धतीचा कणा होता. मारिया माँटेसरी (१८७०–१९५२) यांनी १९०७ मध्ये रोमच्या सान लोरेंझो या गरीब वस्तीत बालगृह काढले. मुलाच्या उंचीचे सामान, स्वयंसुधारणेला वाव देणारी साधने आणि निवडीचे स्वातंत्र्य यांना त्यांनी महत्त्व दिले. या विचारांचा भारतीय परिस्थितीशी मेळ घालण्याचे काम गिजुभाई बधेका (१८८५–१९३९) व ताराबाई मोडक (१८९२–१९७३) यांनी भावनगर येथे केले. तेथे १९२० मध्ये बालमंदिर सुरू झाले आणि १९२६ मध्ये नूतन बालशिक्षण संघाची स्थापना झाली.

महाराष्ट्रातील या इतिहासाचा एक धागा पुण्याच्या नारायण पेठेतून जातो. लक्ष्मी रस्त्यावरील हुजूरपागा ही १८८४ मध्ये स्थापन झालेली मुलींची शाळा याच पेठेत आहे. अनुताई वाघ (१९१०–९२) यांनी १९३३ ते १९४४ या काळात तेथे अध्यापन केले. १९४५ मध्ये त्या ताराबाईंबरोबर तत्कालीन ठाणे जिल्ह्यातील बोर्डी येथे गेल्या व तेथे ग्राम बालशिक्षा केंद्र उभे राहिले. वस्तीतील मुले बालवाडीत येत नाहीत असे दिसून आल्यावर बालवाडीच त्यांच्या अंगणात नेण्यात आली. ‘अंगणवाडी’ ही कल्पना या अनुभवातून पुढे आली. नंतर कोसबाडच्या टेकडीवर गुरे राखणाऱ्या आदिवासी मुलांसाठी ‘कुरणशाळा’ व पाळणाघरापासून प्राथमिक शाळेपर्यंतचे शिक्षण एकत्र आणणारी ‘विकासवाडी’ हे प्रयोग झाले. महागड्या साधनांच्या जागी शंखशिंपले, बिया, पाने, खडे व माती आली. साधन बदलले, तरी त्यामागील शैक्षणिक हेतू बदलला नाही, हे या प्रयोगांचे मुख्य फलित मानता येईल. केंद्र शासनाने २ ऑक्टोबर १९७५ रोजी सुरू केलेल्या एकात्मिक बालविकास सेवा योजनेतील केंद्रांनाही ‘अंगणवाडी’ हेच नाव मिळाले.

नियोजनाची तत्त्वे : चांगल्या नियोजनाची सुरुवात मुलांच्या निरीक्षणापासून होते. कोणते मूल किती वेळ एका कामात रमते, कोणाची बोटे अद्याप वळत नाहीत, कोणाच्या घरची बोली निराळी आहे, हे ध्यानात घेऊन उपक्रम निवडावा लागतो. उपक्रमांचा क्रम सोप्याकडून अवघडाकडे, मूर्ताकडून अमूर्ताकडे व परिचिताकडून अपरिचिताकडे असावा. बैठ्या कामानंतर हालचालीचे आणि सामूहिक कामानंतर एकट्याने करावयाचे काम आले, तर मुले थकत नाहीत. एकाच उपक्रमात निरनिराळ्या कुवतीच्या मुलांना वाव असावा. उदा., मणी ओवण्याच्या कामात तीन वर्षांचे मूल मोठे मणी कसेही ओवील, चार वर्षांचे एकाच रंगाचे मणी निवडील, तर पाच वर्षांचे दोन तांबडे व एक निळा असा आकृतिबंध पुढे नेईल. साहित्य एकच असते, अपेक्षा मात्र तीन असतात.

नियोजनाचे वार्षिक, मासिक, साप्ताहिक व दैनंदिन असे चार स्तर मानता येतात. वार्षिक नियोजनात ऋतू व सण यांचा आधार घेणे सोयीचे असते. शाळा जूनमध्ये सुरू होत असल्याने पहिले आठवडे मुलांच्या रुळण्यासाठी मोकळे ठेवून नंतर पाऊस, श्रावणातील पानेफुले, भाद्रपदात शाडूची माती, आश्विनात भोंडला, पौषात तिळगूळ व पतंग अशी मांडणी करता येते. सण तिथीनुसार येत असल्याने मासिक आखणी दरवर्षी नव्याने करावी लागते. साप्ताहिक नियोजनात एक घटक व त्याला धरून येणारे उपक्रम असतात, तर दैनंदिन नियोजनात साहित्याची यादी आणि वेळेची विभागणी असते.

उपक्रमांचे प्रकार : (१) जीवनव्यवहाराचे उपक्रम : पाणी ओतणे, धान्य निवडणे, बटणे लावणे, चपला जोडीने ठेवणे इत्यादी. यांतून हात व डोळे यांचा मेळ बसतो आणि स्वावलंबन येते. (२) ज्ञानेंद्रियांचे उपक्रम : वासावरून लिंबू व कोथिंबीर ओळखणे, डोळे मिटून खरखरीत व गुळगुळीत कापड वेगळे करणे, डब्यांतील आवाजांच्या जोड्या लावणे. (३) भाषिक उपक्रम : मुक्त गप्पा, गोष्ट, बडबडगीते, चित्रवाचन, सुरुवातीच्या ध्वनीवरून शब्द शोधणे. (४) गणितपूर्व उपक्रम : वर्गीकरण, लहानमोठ्या क्रमाने मांडणी, एकास एक संगती, आकृतिबंध व मोजणी. मराठी संख्यानामांत ‘एकवीस’, ‘बावीस’ असा एकक आधी उच्चारला जातो, तर अंकलेखनात दशक आधी येतो. एकोणिसाच्या नावात तर वीस दडलेले असतात. त्यामुळे शंभरापर्यंतच्या पाठांतरापेक्षा दहाच्या आतील वस्तू हाताने मोजण्यावर भर देणे श्रेयस्कर ठरते. (५) कलात्मक व स्नायुविकासाचे उपक्रम : मातीकाम, फाडकाम, चिकटकाम, ठसेकाम, रांगोळी. (६) मैदानी व तालबद्ध हालचालींचे उपक्रम : उड्या, तोल सांभाळणे, लेझीम, नाच.

दिनक्रम : प्रारंभिक बालसंगोपन व शिक्षणाविषयीच्या २०१३ च्या राष्ट्रीय धोरणात तीन ते चार तासांचा कार्यक्रम आणि तीन ते सहा वर्षे वयाच्या २० मुलांमागे एक प्रौढ व्यक्ती असे प्रमाण सांगितले आहे. तीन तासांच्या दिनक्रमात सुमारे १५ मिनिटे स्वागत व स्वच्छता, २० मिनिटे गप्पा व गाणी, ४५ मिनिटे कोपऱ्यांतील मुक्त काम, २५ मिनिटे खाऊ, ३० मिनिटे मैदानी खेळ, २५ मिनिटे हस्तकला आणि उरलेली २० मिनिटे गोष्ट व निरोप अशी विभागणी करता येईल. मुक्त कामाचा कालखंड सर्वांत मोठा ठेवण्यास कारण आहे. कामाची निवड करणे, ते पुरे करणे व साहित्य जागेवर ठेवणे या तिन्ही गोष्टी मुलाला घाईत साधत नाहीत. ही विभागणी ढोबळ समजावी. मुले गोष्टीत रंगली असता घंटेसाठी गोष्ट तोडणे इष्ट नाही.

परिसराधारित घटकाचा नमुना : याच धोरणात ३० मुलांसाठी किमान ३५ चौ. मी. खोली व किमान ३० चौ. मी. मोकळी जागा अपेक्षिली आहे. शहरांच्या जुन्या, दाट वस्तीच्या भागात ती मिळणे कठीण जाते. मात्र अशा वस्तीत परिसराची संपन्नता मोठी असते. कोसबाडला जे काम शिंपल्यांनी केले, ते नारायण पेठेत शिंप्याकडील चिंध्या, दुकानांतील खोकी व छापखान्यांतील कागदाच्या पट्ट्या करू शकतात. ‘आपली पेठ’ हा एक आठवड्याचा घटक पुढीलप्रमाणे आखता येईल.

सोमवारी ‘मी कोठे राहतो’ या विषयावर गप्पा व्हाव्यात. वाडा, चाळ, सदनिका, जिना, गॅलरी हे शब्द मुलांच्या बोलण्यातूनच पुढे येतात. खोक्यांची घरे रचून ती उंचीच्या क्रमाने मांडावीत. मंगळवारी पालकांच्या मदतीने लहान गटांत जवळच्या गल्लीत फेरी काढावी. ऐकलेले आवाज व घेतलेले वास एवढेच लक्षात ठेवण्यास सांगावे आणि परतल्यावर ते आठवून सांगण्याचा खेळ घ्यावा. बुधवारी दुकानाचा कोपरा मांडावा. कापडाच्या तुकड्यांचे रंग व पोत यांनुसार वर्गीकरण, चिंचोके देऊन खरेदी आणि ‘काय हवे’, ‘किती झाले’ हे संभाषण यांतून भाषा व गणित एकत्र येतात. गुरुवारी नदी हा विषय घ्यावा. पेठेच्या कडेने मुठा वाहते. खडकवासल्यातून पाणी सोडले की भिडे पूल पाण्याखाली जातो, ही गोष्ट येथील मुलांनी पाहिलेली किंवा ऐकलेली असते. परातीत पाणी, खडे व पट्ट्या घेऊन पूल बांधावा, पाणी वाढवावे व काय बुडते, काय तरंगते ते पाहू द्यावे. १९६१ चा पानशेतचा पूर आठवणारे एखादे आजोबा किंवा आजी येऊन पाणी कोठवर आले होते ते भीती न घालता सांगू शकतील. शुक्रवारी आठवड्यातील चित्रे, ठसे व वस्तू यांचा मोठा कागदी नकाशा करावा आणि प्रत्येक मुलाने त्यात आपले घर चिकटवावे. शनिवारी पालकांना बोलावून हा नकाशा मुलांकडूनच समजावून घ्यावा.

या घटकात माहितीचा बोजा नाही, तथापि वर्गीकरण, क्रम, मोजणी, शब्दसंपत्ती, स्नायूंचे नियंत्रण व समूहात वागण्याची सवय यांना स्थान मिळाले आहे. पेठेऐवजी गाव, पाडा किंवा वसाहत घेऊन याच चौकटीत स्थानिक साहित्य बसविता येते.

लेखनाची घाई : बालवाडीच्या नियोजनावर सर्वांत मोठा ताण लवकर लिहिते करण्याच्या आग्रहाचा येतो. वही भरलेली दिसली की शिक्षण झाले, असा समज पालकांत आढळतो, आणि त्याला शरण गेलेल्या वर्गात माती, पाणी, गोष्ट व खेळ यांचा वेळ अक्षरे गिरविण्यात जातो. तीन-चार वर्षांच्या मुलाचे मनगट व बोटे यांतील नियंत्रण पुरेसे विकसित झालेले नसते. अशा वेळी पेन्सिल मुठीत आवळून काढलेल्या ओळींतून वळण येण्याऐवजी थकवा व लेखनाविषयी नावड येण्याचा संभव अधिक असतो. शिवाय ज्या अक्षराचा ध्वनी मुलाच्या कानात बसलेला नाही, ते अक्षर त्याच्या लेखी केवळ एक रेघोटी असते.

याचा अर्थ लेखनाची तयारी करू नये असा नाही. मळणे, फाडणे, कात्रीने कापणे, ठिपके जोडणे, वाळूत बोटाने आकार काढणे ही लेखनाचीच पूर्वतयारी होय. त्यानंतर खरखरीत कागदाच्या अक्षरांवरून बोट फिरविणे व ‘ग, म, न’ किंवा ‘व, ब, क’ यांसारखे आकारसाम्य असलेले गट घेणे हा क्रम वर्णमालेच्या पारंपरिक क्रमापेक्षा हाताला सुकर ठरतो. पालकांना भरलेल्या वहीऐवजी मुलाची चित्रे, त्याने सांगितलेल्या गोष्टी व शिक्षिकेच्या नोंदी दाखविल्या, तर प्रगतीचा पुरावा त्यांच्या हाती राहतो व आग्रह सौम्य होतो.

नोंदी व मूल्यमापन : या वयात लेखी परीक्षा अप्रस्तुत ठरते. शिक्षिकेने दररोज चार-पाच मुलांचे निरीक्षण करून एक-दोन वाक्यांची दिनांकित नोंद ठेवावी. आठवड्याभरात सर्व मुलांची पाळी येते. ‘हुशार’, ‘मंद’ अशी विशेषणे टाळून घडलेली कृती लिहावी. उदा., ‘सहा चिंचोके एकेक करून मोजले; सातव्यानंतर आकडे गाळले.’ अशा नोंदीतून पुढील आठवड्याचा उपक्रम आपोआप सुचतो. दैनंदिन टाचणातही ‘योजिलेले’ व ‘घडलेले’ असे दोन स्तंभ असावेत. या दोहोंतील अंतर हे अपयशाचे लक्षण नसून मुलांकडून आलेली माहिती असते.

सद्यःस्थिती : २०२० च्या राष्ट्रीय शैक्षणिक धोरणाने तीन ते आठ वर्षे हा वयोगट ‘पायाभूत स्तर’ म्हणून एकत्र आणला व त्यासाठी खेळ व कृती यांवर आधारित शिक्षणाचा पुरस्कार केला. या स्तराचा राष्ट्रीय अभ्यासक्रम आराखडा २०२२ मध्ये प्रसिद्ध झाला. त्यामुळे बालवाडी व पहिली-दुसरी यांच्यातील भिंत कागदोपत्री तरी दूर झाली आहे. तयार पुस्तिका, चित्रसंच व खेळण्यांच्या पेट्याही उपलब्ध होत आहेत. त्यांचा उपयोग निःसंशय आहे, परंतु समोरचे मूल व भोवतालचा परिसर यांची जागा त्या घेऊ शकत नाहीत. अल्प मानधनावर व अनेक जबाबदाऱ्या सांभाळून काम करणाऱ्या शिक्षिकेला निरीक्षण व तयारी यांसाठी रोज थोडा तरी निवांत वेळ मिळणे, ही बालवाडीच्या नियोजनाची पहिली अट आहे.