अपघाताच्या अहवालातील पहिले वाक्य

मारतहळ्ळीतील आमच्या गृहसंकुलाला बाहेरून रंग देण्याचे काम चालू असताना एक रंगारी तिसऱ्या मजल्याच्या उंचीवरून झुल्यासकट खाली आला. जीव वाचला, कंबरेचे हाड आणि डावा पाय मोडला. दुसऱ्या दिवशी रहिवासी संघाचे चिटणीस एक टंकलिखित कागद घेऊन माझ्याकडे आले. उभी हयात सरकारी नोकरीत गेलेली असल्याने मी त्याची भाषा 'जरा बघून द्यावी', एवढीच त्यांची विनंती होती. कंत्राटदाराच्या माणसाने तयार केलेला तो मसुदा चार ओळींचा होता. पहिली ओळ अशी : 'सदर कामगाराने सुरक्षा बेल्ट न लावल्यामुळे अपघात घडला.'

भाषेत खोट काढण्यासारखे काही नव्हते. विधान खरेही होते. बेल्ट लावलेला नव्हता. मी चिटणीसांना घेऊन गच्चीवर गेलो. दोन बेल्ट एका पोत्यात पडले होते. झुल्याचे दोर पाण्याच्या टाकीच्या लोखंडी पाइपाला बांधलेले होते आणि कठड्याच्या ज्या कडेवर दोर घासत होता तिथे गोणपाटाची घडीसुद्धा ठेवलेली नव्हती. तिथेच तो तुटला होता. बेल्ट अडकवण्यासाठी वेगळा दोर सोडलेला नव्हता. म्हणजे त्या माणसाने बेल्ट लावला असता तर तो झुल्याच्याच दोराला अडकवावा लागला असता, आणि दोर तुटल्यावर बेल्टसह तो तितक्याच वेगाने खाली आला असता.

या एका वाक्यावर काय अवलंबून असते, हे वाचकांनी लक्षात घ्यावे. १९२३ च्या भरपाई कायद्यापासून चालत आलेली आणि आताच्या सामाजिक सुरक्षा संहितेतही टिकून राहिलेली एक तरतूद आहे. मृत्यू किंवा कायमचे संपूर्ण अपंगत्व आले नसेल आणि कामगाराने सुरक्षेच्या साधनाकडे जाणूनबुजून दुर्लक्ष केल्याने इजा झाली असेल, तर मालकावर भरपाईचे दायित्व राहत नाही. आमचा रंगारी वाचला होता. त्यामुळेच मसुद्यातील पहिली ओळ त्याच्या भरपाईच्या मुळावर येणारी होती. 'जाणूनबुजून' हा शब्द त्या ओळीत नव्हता. तो वाचणाऱ्याच्या मनात आपोआप उमटावा, अशी तिची रचना होती.

अशी रचना मी ओळखतो, कारण असल्या एका कागदावर माझी सही आहे. १९८० च्या दशकाच्या अखेरीस उपविभागीय अधिकारी असताना एका तेल गिरणीतील मृत्यूची चौकशी माझ्याकडे आली होती. स्त्री कामगाराचा पदर यंत्राच्या पट्ट्यात गुंतला होता. 'पदर नीट न खोचल्यामुळे' असे शब्द असलेला अहवाल खालून आला आणि मी तो मान्य केला. १९४८ चा कारखाने अधिनियम यंत्राच्या धोकादायक भागाभोवती संरक्षक जाळी असावी असे सांगतो, हे मला पाठ होते. जाळी होती का, हे मी विचारले नाही. पुढे तिचा नवरा अहवालाची नक्कल मागायला कचेरीत आला. मृत्यूच्या बाबतीत निष्काळजीपणाचे कारण सांगून भरपाई नाकारता येत नाही, हे त्याला ठाऊक नव्हते. मला होते. मी त्याला नक्कल दिली आणि दुसऱ्या फायलीकडे वळलो. कागद कोणी लिहिला, कोणासाठी लिहिला आणि घटनेनंतर किती दिवसांनी लिहिला, हे आधी पाहावे, असे इतिहासाच्या वर्गात आम्हाला शिकवले होते. चारशे वर्षांपूर्वीच्या बखरीला मी हे प्रश्न विचारत असे. टेबलावरच्या अहवालाला विचारण्याचे सुचले नाही.

अहवाल कसा असावा, याचा नमुना आमच्या घरापासून फार दूर नाही. जुन्या विमानतळाच्या धावपट्टीच्या पश्चिमेला गोल्फचे मैदान आहे. १४ फेब्रुवारी १९९० रोजी मुंबईहून आलेले इंडियन एअरलाइन्सचे एअरबस ए-३२० विमान धावपट्टीच्या अलीकडे तिथेच कोसळले. विमानातील १४६ जणांपैकी ९२ मरण पावले. विमान नवे, संगणकावर चालणारे. 'यंत्राचा दोष' म्हणणारे आणि 'वैमानिकांचा दोष' म्हणणारे असे दोन तट लगेच पडले. सरकारने त्या जातीची विमाने काही महिने उभी करून ठेवली. कर्नाटक उच्च न्यायालयाचे न्यायमूर्ती शिवशंकर भट यांच्याकडे चौकशी आली. उंचीची सूचना चारशे, तीनशे, दोनशे फूट अशी ऐकू येत असतानाही वैमानिकांनी इंजिनांची शक्ती वेळेवर वाढवली नाही, असे अहवालाने स्पष्ट म्हटले. मात्र तो तिथे थांबला नाही. शेवटच्या टप्प्यात विमान त्या घातक अवस्थेत गेलेच कसे, हा प्रश्न त्याने विचारला. उतरण्याचा वेग ठरवणारी कळ आणि उंची ठरवणारी कळ शेजारी शेजारी असतात. वैमानिकाचा हात एकीऐवजी दुसरीवर पडला असावा, ही शक्यता पुढे आली. तरीही त्या अवस्थेचे नेमके कारण ठरवणे शक्य नाही, अशी कबुली अहवालात आहे. मृतांच्या नावावर सगळे लिहून फाइल बंद करणे किती सोपे होते!

विमान वाहतुकीत हे शक्य होते, कारण दोष ठरवणे हे चौकशीचे उद्दिष्ट नाही, असे आंतरराष्ट्रीय नियमांतच लिहून ठेवलेले आहे. कारखाने आणि बांधकामे यांच्या वाट्याला ही उसंत येत नाही. २१ नोव्हेंबर २०२५ पासून व्यावसायिक सुरक्षा संहिता लागू झाली. मृत्यू झाल्यास किंवा कामगार ४८ तास अथवा अधिक काळ कामावर येऊ न शकल्यास कळवण्याचे बंधन तिच्यातही आहे. निरीक्षक मात्र आता 'निरीक्षक-तथा-सुविधाकार' झाला आहे. मालकांना जाचातून मोकळे करावे, या हेतूशी माझे भांडण नाही. जुने निरीक्षक मी जवळून पाहिले आहेत. पण बाहेरचा डोळा जितका कमी फिरेल, तितका मालकानेच लिहिलेला कागद हा एकमेव पुरावा उरेल.

गच्चीवरून उतरल्यावर मी मसुद्यात आणखी पाच ओळी घातल्या : दोर कुठे बांधला होता, कडेवर काय नव्हते, बेल्ट अडकवण्यास वेगळा दोर नव्हता, काम सुरू करण्यापूर्वी कोणी पाहणी केली होती का, आणि झुला कोणाच्या सांगण्यावरून सोडला. बेल्टची ओळ मी काढली नाही, ती शेवटी नेली. चिटणीस बराच वेळ वाचत राहिले. 'सर, पाहणीचे लिहिले तर बोट आपल्या संघाकडेही येईल,' ते म्हणाले. मी म्हटले, येईल. कार्यकारिणीच्या सभेत यावर दोन तास वाद झाला आणि थोडक्या मतांनी कागद मंजूर झाला. चिटणीसांनी सही केली आहे. कंत्राटदाराच्या माणसाने अजून केलेली नाही.