सरकार टिकलं, पण नियम टिकले का?

१७ मे २००४ हा दिवस मुंबई शेअर बाजाराच्या इतिहासात काळा सोमवार म्हणून ओळखला जातो. केंद्रातल्या वाजपेयी सरकारचा पराभव झाला होता आणि नवं सरकार डाव्या पक्षांच्या पाठिंब्यावर उभं राहणार हे उघड झालं होतं. त्या धास्तीने सेन्सेक्स एका दिवसात अकरा टक्क्यांहून अधिक खाली आला आणि व्यवहार दोनदा थांबवावे लागले. बाजाराला वाटत होतं की आता अस्थिरता येणार, सुधारणा अडणार, पैसा पळणार. प्रत्यक्षात पुढच्या चार वर्षांत भारतीय अर्थव्यवस्था तोवर कधी नव्हती इतक्या वेगाने वाढली. जगभर तेजी होती हे त्याचं एक कारण. पण दुसरं कारण देशातच होतं आणि त्याची चर्चा कमी होते. वित्तीय तूट आटोक्यात ठेवणारा कायदा जुन्या सरकारने २००३ मध्ये केला आणि नव्या सरकारने जुलै २००४ मध्ये तो लागू केला. महामार्गांची कामं पुढे चालू राहिली. विक्रीकराच्या जागी मूल्यवर्धित कर आणण्याची तयारी राज्यांच्या अर्थमंत्र्यांची समिती आधीपासून करत होती. तिचे अध्यक्ष होते पश्चिम बंगालचे मार्क्सवादी अर्थमंत्री असीम दासगुप्ता. १ एप्रिल २००५ पासून बहुतेक राज्यांत तो कर सुरूही झाला. माणसं बदलली, पक्ष बदलले, ठरलेल्या गोष्टी मात्र चालू राहिल्या. राजकीय स्थैर्य आणि आर्थिक वाढ यांचं नातं समजून घ्यायचं तर खुर्चीवर कोण किती वर्षं बसलं यापेक्षा खुर्ची रिकामी झाल्यावर नियमांचं काय झालं हे पाहायला हवं, असं माझं ठाम मत आहे.

गुंतवणूक या एका नावाखाली आपण दोन फार वेगळ्या गोष्टी एकत्र करतो. शेअर आज घेतला तर उद्या विकता येतो. खाण, धरण, वीजकेंद्र, पोलाद कारखाना यांत घातलेला पैसा मात्र तिथेच अडकतो. जमिनीत रोवलेली यंत्रं उचलून दुसऱ्या देशात नेता येत नाहीत, आणि खर्च वसूल व्हायला पंधरा-वीस वर्षं जातात. मुंबईत जन्मलेले अर्थशास्त्रज्ञ अविनाश दीक्षित आणि त्यांचे सहकारी रॉबर्ट पिंडायक यांनी १९९४ च्या त्यांच्या ग्रंथात याच गोष्टीचं गणित मांडलं. पैसा एकदा घातला की परत काढता येत नसेल आणि पुढचं चित्र धूसर असेल, तर थांबून वाट पाहण्यालाही किंमत असते. नफा होईल असं दिसत असतानाही उद्योजक थांबतो आणि त्याचं थांबणं शहाणपणाचंच असतं. देशाच्या दृष्टीने मात्र ती न उभी राहिलेली गिरणी असते, न मिळालेली नोकरी असते. अनिश्चिततेचं नुकसान हे असं असतं. जे घडलंच नाही ते कुठल्याही आकडेवारीत दिसत नाही.

सरकारं वारंवार कोसळली तर वाढ मंदावते याला भक्कम पुरावा आहे. अल्बर्टो अलेसिना आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी ११३ देशांचा १९५० ते १९८२ या काळाचा अभ्यास केला. ज्या देशांत आणि ज्या काळात सरकार कोसळण्याची शक्यता जास्त होती, तिथे वाढीचा वेग लक्षणीय कमी होता. यावर पहिला आक्षेप असा येतो की गरिबीमुळेच सरकारं पडत असतील आणि आपण कार्यकारणाची गाडी उलटी जुंपत असू. आक्षेप रास्त आहे. भुकेल्या देशात बंडं सोपी असतात. त्या अभ्यासकांनीही म्हणूनच दोन्ही बाजूंचा परिणाम एकत्र मोजला होता. पण याहून सरळ कसोटी बेंजामिन जोन्स आणि बेंजामिन ओल्केन यांनी २००५ मध्ये लावली. पदावर असताना आजाराने किंवा अपघाताने मरण पावलेल्या राष्ट्रप्रमुखांची प्रकरणं त्यांनी तपासली. असा मृत्यू अर्थव्यवस्था बिघडली म्हणून येत नाही, त्यामुळे पुढे वाढीत बदल झाला तर तो माणूस गेल्यामुळेच झाला असं म्हणता येतं. निष्कर्ष बोलका होता. जिथे सत्ताधीशावर फारसे लगाम नव्हते अशा हुकूमशाहीत नेता जाताच वाढीचा वेग बदलत असे, कधी चांगल्यासाठी, कधी वाईटासाठी. लोकशाही देशांत असा परिणाम आढळला नाही. म्हणजे एका माणसाच्या श्वासावर अर्थव्यवस्था चालते की नाही, हा खरा फरक आहे.

आफ्रिकेच्या दक्षिणेला दोन शेजारी देश हा फरक इतका स्पष्ट दाखवतात की तिथे जरा थांबायला हवं. बोट्स्वाना १९६६ मध्ये स्वतंत्र झाला तेव्हा त्याची गणना जगातल्या सर्वांत गरीब देशांत होत असे. सगळ्या देशात पक्का रस्ता जेमतेम १२ किलोमीटर आणि विद्यापीठाचे पदवीधर २२. बाकी गुरं आणि वाळवंट. पुढच्याच वर्षी ओरापा इथे हिरे सापडले. हिरे सापडणं हे कित्येक देशांच्या नशिबी आलेलं संकट आहे, कारण ते कुणाचे यावरून यादवी पेटते. ओरापा ज्या टापूत होतं तो न्ग्वाटो जमातीचा, आणि पहिले राष्ट्राध्यक्ष सेरेत्से खामा हे त्याच जमातीच्या राजघराण्यातले. तरीही १९६७ च्या कायद्याने जमिनीखालच्या खनिजांवरचा हक्क जमातींकडून काढून देशाकडे देण्यात आला. आपल्या घराण्याच्या वाट्याला येऊ शकणारी संपत्ती राज्यकर्त्याने कायद्याने सर्वांची करून टाकली. डी बियर्स कंपनीबरोबरच्या भागीदारीत सरकारचा वाटा सुरुवातीला १५ टक्के होता, १९७५ पर्यंत तो ५० टक्क्यांवर गेला. खाणी ताब्यात घेऊन तो वाढवलेला नव्हता, वाटाघाटींतून वाढवला होता. खामा १९८० मध्ये पदावर असताना वारले. सत्ता घटनेप्रमाणे क्वेट मासिरे यांच्याकडे गेली आणि करार जसाच्या तसा राहिला. स्वातंत्र्यानंतरची तीसेक वर्षं दरडोई उत्पन्नाच्या वाढीत हा देश जगाच्या आघाडीवर होता.

झिंबाब्वे त्याच वर्षी, १९८० मध्ये, स्वतंत्र झाला. त्याच्याकडे रेल्वे होती, कारखाने होते, निर्यात करणारी शेती होती. रॉबर्ट मुगाबे पुढची ३७ वर्षं सत्तेवर राहिले, म्हणजे खुर्चीच्या स्थैर्यात कमी काहीच नव्हतं. जमिनीचा प्रश्नही खरा होता. वसाहतीच्या काळात उत्तम जमीन मूठभर गोऱ्यांच्या हाती गेली होती आणि तो अन्याय दूर होणं आवश्यकच होतं. पण फेब्रुवारी २००० मध्ये सार्वमतात सरकारचा पराभव झाला आणि त्यापाठोपाठ शेतांवर बळजबरीने ताबा घेणं सुरू झालं. २००५ मध्ये घटनादुरुस्ती करून या जप्तीविरुद्ध न्यायालयात जाण्याची वाटच बंद करण्यात आली. जमिनीच्या कागदाला किंमत उरली नाही, त्यामुळे बँकेतल्या तारणालाही उरली नाही. पिकं घटली, निर्यात आटली, सरकारने नोटा छापल्या. जानेवारी २००९ मध्ये शंभर लाख कोटी डॉलरची नोट निघाली आणि त्याच वर्षी देशाने स्वतःचं चलनच सोडून दिलं. हे सगळं घडलं ते एकाच नेत्याच्या आणि एकाच पक्षाच्या अखंड राजवटीत.

१९९७-९८ च्या आशियाई आर्थिक संकटाने अशीच परीक्षा आणखी दोन देशांची घेतली. इंडोनेशियात सुहार्तो तीन दशकं सत्तेवर होते. गुंतवणूकदारांचा सगळा भरवसा त्या एका माणसावर आणि त्याच्या गोतावळ्यावर होता. संकटात तो डळमळला, दंगली पेटल्या, मे १९९८ मध्ये त्यांना पायउतार व्हावं लागलं. त्या वर्षी देशाचं उत्पन्न सुमारे १३ टक्क्यांनी घटलं. दक्षिण कोरियात ऐन संकटात, डिसेंबर १९९७ मध्ये, निवडणूक झाली आणि आयुष्यभर विरोधात राहिलेले किम डे-जुंग निवडून आले. वरवर पाहता ही केवढी अस्थिरता! पण नव्या सरकारला लोकांचा कौल होता. कामगार संघटना आणि उद्योगपती यांना एका टेबलाशी बसवून दोघांनाही झळ सोसायला लावणं त्याला जमलं. कोरियाचं उत्पन्न १९९८ मध्ये पाचेक टक्क्यांनी घटलं आणि पुढच्याच वर्षी दहा टक्क्यांहून अधिक वाढलं. इंडोनेशियाला त्या वर्षी जेमतेम पाय रोवता आले.

मग चीनचं काय, हा प्रश्न प्रत्येक वाचकाच्या मनात येणार. एकच पक्ष, निवडणुका नाहीत आणि तरी चाळीस वर्षांची विलक्षण वाढ. पण चीनमध्ये कम्युनिस्ट पक्ष १९४९ पासून अखंड सत्तेवर आहे. त्याच राजवटीत १९५८ नंतरची ‘मोठी झेप’ आणि कोट्यवधींचे बळी घेणारा दुष्काळ झाला, त्याच राजवटीत सांस्कृतिक क्रांतीची होरपळ झाली. पक्ष तोच होता, मग वाढ १९७८ नंतरच का झाली? कारण माओंच्या पश्चात त्या पक्षाने स्वतःलाच काही लगाम घालून घेतले. शेतकऱ्याला पिकाचा हिस्सा राखता येऊ लागला, किनाऱ्यावर विशेष क्षेत्रं उघडली, १९८२ च्या घटनेत राष्ट्राध्यक्षपदाला दोनच कार्यकाळांची मर्यादा आली. २०१८ मध्ये ती मर्यादा काढून टाकण्यात आली. त्याचे परिणाम येत्या काळात दिसतील, पण चीनचा इतिहास माझ्या म्हणण्याविरुद्ध जातो असं मला वाटत नाही.

अशांत देशांतही परकीय पैसा जातो, हेही खरं. अंगोलात १९७५ ते २००२ यादवी चालू होती आणि तरी काबिंडाच्या किनाऱ्यावर अमेरिकी कंपनी तेल काढत होती, तेही क्यूबाच्या सैनिकांच्या पहाऱ्यात. समुद्रातल्या विहिरीला कुंपण घालता येतं. कापड गिरणीला किंवा दुग्धव्यवसायाला देशभरातले रस्ते, पुरवठादार, कामगार आणि न्यायालयं लागतात. म्हणून अशांत देशांत तेल निघतं आणि रोजगार निघत नाही.

सर्वांत अवघड प्रश्न वेगळाच आहे. नियम आणि करार टिकले पाहिजेत म्हणजे वाईट करारही टिकला पाहिजे का? याचं उत्तर महाराष्ट्राने फार मोठी किंमत मोजून मिळवलं आहे. गुहागर तालुक्यातल्या दाभोळ वीज प्रकल्पाचा करार राज्य वीज मंडळाने एन्रॉनच्या कंपनीशी डिसेंबर १९९३ मध्ये केला. स्पर्धात्मक निविदा नव्हत्या. ही वीज परवडणार नाही असं सांगून जागतिक बँकेने अर्थसाहाय्य नाकारलं होतं. वीज घेतली नाही तरी मोठा स्थिर आकार द्यावा लागणार होता, तोही डॉलरशी जोडलेला. १९९५ मध्ये सत्तांतर झालं, युती सरकारने करार रद्द केला आणि काही महिन्यांतच वाटाघाटी करून प्रकल्प पुन्हा मान्य केला. १९९९ मध्ये ७४० मेगावॅटचा पहिला टप्पा सुरू झाला, २००१ मध्ये मंडळाने वीज घेणं थांबवलं आणि प्रकल्प बंद पडला. या कहाणीवरून सत्तांतरामुळे गुंतवणूक बुडते असं म्हणणारे पुष्कळ भेटतात. मला ते पटत नाही. हा करार पहिल्या दिवसापासूनच डळमळीत होता, कारण त्यातल्या अटी ज्या लोकांनी पैसे भरायचे त्यांच्यासमोर आल्याच नव्हत्या. जो करार विरोधी पक्षाच्या आणि जनतेच्या तपासणीतून आधी गेलेला नसतो, त्याची तपासणी नंतर होते, आणि तेव्हा ती दोन्ही बाजूंना बुडवते. याउलट बोट्स्वानात ऑक्टोबर २०२४ मध्ये ५८ वर्षं राज्य करणारा पक्ष हरला. हिऱ्यांचा बाजार पडला होता, बेकारी वाढली होती, लोकांचा राग रास्त होता. सत्ता दोन दिवसांत हस्तांतरित झाली. आधीच्या सरकारने २०२३ मध्ये डी बियर्सशी तत्त्वतः ठरवलेल्या नव्या करारावर नव्या सरकारने फेब्रुवारी २०२५ मध्ये सह्या केल्या.

बहुमताचं सरकार आलं की नियम आपोआप स्थिर होतात, हा आपल्याकडचा मोठा गैरसमज आहे. १९९१ चं नरसिंह राव सरकार अल्पमतात होतं आणि त्याने घालून दिलेली दिशा पुढच्या एकाही सरकारने उलटी फिरवली नाही. उलट व्होडाफोन कंपनीच्या कर प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाचा निकाल फिरवण्यासाठी २०१२ मध्ये पूर्वलक्षी कराची तरतूद आली. ती पुढच्या पूर्ण बहुमताच्या सरकारनेही २०२१ पर्यंत कायम ठेवली. आणि गुंतवणूकदार म्हणजे फक्त बडी कंपनी नव्हे. नाशिक जिल्ह्यातला शेतकरी कांद्याची चाळ बांधतो तेव्हा तोही दीर्घ मुदतीची गुंतवणूक करत असतो. जमिनीपासून उंच उचललेला सांगाडा, बाजूंनी हवा खेळती राहावी म्हणून ठेवलेल्या फटी, वर पत्रे, आणि बऱ्याचदा डोक्यावर कर्ज. एप्रिलमध्ये निघालेला उन्हाळ कांदा घट आणि सड सोसून तो चार-पाच महिने राखतो, ते पुढे बरा भाव मिळेल या हिशेबावर. ऑगस्ट २०२३ मध्ये कांद्यावर अचानक ४० टक्के निर्यात शुल्क लागलं. ऑक्टोबरमध्ये टनाला ८०० डॉलर किमान निर्यात मूल्य आलं, ८ डिसेंबरला निर्यातच बंद झाली. ४ मे २०२४ रोजी ती अटींसह उघडली, सप्टेंबरमध्ये शुल्क निम्म्यावर आलं आणि १ एप्रिल २०२५ ला संपलं. वीस महिन्यांत सहा निर्णय, तेही केंद्रात दहा वर्षांचं भक्कम सरकार असताना आणि निवडणुकीनंतर तेच पुन्हा आलेलं असताना.

शहरातल्या ग्राहकाला कांदा परवडला पाहिजे, हे मलाही मान्य आहे. पण भाव अमुक पातळीवर गेला तर अमुक शुल्क लागेल, हे हंगामाआधी जाहीर करून पाळता येतं. त्याने ग्राहकही वाचतो आणि चाळ बांधणाऱ्याचा हिशेबही. पुढच्या निवडणुकीत स्थिर सरकारच्या नावाने मत मागायला कुणी दारात आलं, तर एवढंच विचारा: निर्यातीचा नियम हंगामाआधी सांगाल का, आणि हंगाम संपेपर्यंत पाळाल का?