छोट्या आगगाडीचा डोंगर

आगगाडीची छोटी प्रतिकृती मांडणे हा पोरखेळ होय, असे पुष्कळांना वाटते. कामगार वस्तीतल्या मुलांसाठी एक मांडणी करीपर्यंत आम्हालाही तसेच वाटे. इंजिन, डबे, रूळ विकत मिळतात. भोवतीचा मुलूख मात्र स्वतः रचावा लागतो. तो रचताना काय ठेवावे आणि काय गाळावे, हा खरा प्रश्न.

आम्ही बोरघाट निवडला. १८६३ साली खुल्या झालेल्या मूळ मार्गाची चढण सुमारे १५ मैलांची, आणि एकूण चढ १,८३१ फुटांचा. छोट्या गाड्यांत ८७ ला १ हे प्रमाण फार चालते. त्या प्रमाणात सबंध घाट करू म्हटले, तर ९०० फूट लांब आणि २१ फूट उंच जागा लागेल! तेव्हा गाळणे आलेच. नागफणीचा सुळका, दरीवरचा एक पूल आणि दोन बोगदे एवढ्यावर घाट ओळखू येतो. चढ मात्र गाळू नये. खऱ्या घाटात अधिकात अधिक चढ ३७ ला १ होता. म्हणून ३७ सेंटिमीटर पुढे जाताना रूळ १ सेंटिमीटर उचलावा.

डोंगरासाठी तारेची जाळी, तीवर खळीत भिजवलेला कागद आणि वर प्लास्टर पुरते. सह्याद्रीचा काळा कातळ आडव्या थरांचा, पायऱ्यापायऱ्यांचा असतो. तेथे हिमालयाची टोके काढू नयेत. ऋतूही एकच धरावा. श्रावणातले हिरवे गवत आणि चैत्रातले वाळके गवत शेजारीशेजारी शोभत नाही.

मागच्या पडद्याची विद्या आपल्या रंगभूमीला नवी नाही. बाबूराव पेंटर चित्रपटाकडे वळण्यापूर्वी नाटकांचे पडदेच रंगवीत. नियम सोपे आहेत. जवळचा डोंगर ठळक, दूरचा फिकट व निळसर. आकाश वर गडद, क्षितिजाशी पांढुरके. क्षितिज पाहणाराच्या डोळ्यांच्या उंचीवर असावे. भिंतीचा कोपरा दिसला की भ्रम मोडतो. म्हणून तेथे पडदा गोलाकार वळवावा. फळी आणि पडदा यांचा सांधा झाडीआड लपवावा. रस्ता थेट पडद्याला भिडवू नये, टेकाडामागे वळवून नाहीसा करावा. मागची झाडे, घरे मुद्दाम लहान करावीत. रूळ पडद्याच्या अगदी लगत टाकू नयेत, नाहीतर गाडीची सावली आभाळावर पडते.

हे सारे साधले, आणि आम्ही खूश झालो. एक निवृत्त गँगमन मांडणी पाहायला आले. बराच वेळ पाहून म्हणाले, “भाऊ, समदं झ्याक हाय. पर ही लाइन सांभाळतंय कोन?”

आम्ही निरुत्तर झालो. ८७ ला १ या प्रमाणात साडेपाच फुटी माणूस दोन सेंटिमीटरही भरत नाही. गाळायची वेळ आली की पहिला तोच गळतो. खऱ्या घाटाचेही तसेच झाले. १८५६ साली काम निघाले. १८६१ साली चाळीस हजारांहून अधिक माणसे त्यावर राबत होती. पटकीने, तापाने, अपघातांनी हजारो मेली. १८५९ च्या जानेवारीत थकलेल्या मजुरीपायी मजुरांनी दंगा केला. आज त्यांचे बोगदे दाखवता येतात, त्यांची नावे सांगता येत नाहीत. आमचा पेशाच माणसे मोजण्याचा. तरी आम्हीही ती विसरलो होतो.

दुसऱ्या दिवशी बोगद्याच्या तोंडाशी आम्ही पहार, फावडी घेतलेले चार गँगमन आणि एक मुकादम उभे केले. अलीकडे रुळाकाठी लाल निशाण रोवले. त्यांना जागा हवी म्हणून एक धबधबा काढावा लागला. धबधबा फार सुरेख उतरला होता. तरी काढला.